माझ्याइतकी उंच, तुझ्याइतकी भूक: स्पॅनिशमधली बरोबरीची तुलना

पारंबी

नमस्कार मंडळी,

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या लेखनात ए२ (म्हणजे सुरुवातीच्या दुसऱ्या) पातळीवर एक चूक हमखास सापडते. "ती माझ्याइतकी उंच आहे" याचं स्पॅनिश ते "एया एस तान्ता आल्ता कोमो यो" असं करतात. बरोबर वाक्य आहे "एया एस तान आल्ता कोमो यो".

(स्पॅनिश वाक्यं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय. एच मूक, जेचा घशातला उच्चार 'ह'ने, दोन एलसाठी 'य', व्हीसाठी 'ब'. सगळ्यांनी हेच पाळलं तर धागा वाचायला सोपा जाईल.)

पुस्तकं या चुकीला नुसती 'लिंगवचनाची चूक' म्हणतात आणि पुढे जातात. मला ते अपुरं वाटतं, कारण चुकीचं मूळ मराठीत आहे. 'उंच' हे विशेषण मराठीत बदलत नाही: उंच मुलगा, उंच मुलगी, उंच झाड. मग बाई की बुवा हे सांगायचं काम 'इतका-इतकी-इतकं'वर येतं. स्पॅनिशमध्ये बरोबर उलटं आहे. तिथे 'आल्तो-आल्ता-आल्तोस-आल्तास' हे विशेषण बदलतं आणि 'तान' ताठ उभा राहतो. मराठी डोकं सवयीने 'इतकी'ला स्त्रीलिंगी करतं आणि 'तान्ता' तयार होतं.

म्हणून माझं म्हणणं असं की मराठी विद्यार्थ्याला कोण उंच आहे हे बघायला शिकवूच नये. 'इतका'च्या जागी जो शब्द टाकायचा, त्याच्या लगेच पुढे कोणता शब्द येतोय तेवढं बघायचं.

पुढे विशेषण किंवा क्रियाविशेषण असेल तर 'तान', कधीही न बदलणारं. "कोर्रे तान रापिदो कोमो सु एर्माना" (बहिणीइतक्या वेगाने पळतो).

पुढे नाम असेल तर तान्तो, तान्ता, तान्तोस, तान्तास, आणि तेही त्या नामाच्या लिंगवचनाप्रमाणे. "तेंगो तान्तोस लिब्रोस कोमो तू" (माझ्याकडे तुझ्याइतकी पुस्तकं आहेत).

क्रियापदाचीच तुलना असेल, म्हणजे क्रियापदानंतर थेट 'कोमो' येणार असेल, तर गोठलेलं 'तान्तो'. "नाद्ये त्राबाहा तान्तो कोमो एया" (तिच्याइतकं काम कोणीच करत नाही). कर्ता स्त्री असली तरी 'तान्तो'च.

दोन प्रश्न आहेत. मराठी भाषकांच्या आणखी कोणत्या खास चुका तुम्हाला दिसतात? आणि 'इग्वाल दे... के' ('सारखाच', 'तितकाच') ही बरोबरीची दुसरी रचना कधी शिकवावी: याच्या आधी, बरोबर, की नंतर?

तिठा

'उंच'चं निरीक्षण एकदम पटलं. त्याला जोड म्हणून: 'चांगला-चांगली', 'मोठा-मोठी' यांसारखी बदलणारी विशेषणं घेतली तर मराठीत दोन्ही शब्द बदलतात, "तिच्याइतकी मोठी". तिथे 'तान्ता ग्रान्दे'चा मोह आणखी वाढतो, कारण 'ग्रान्दे' स्पॅनिशमध्ये लिंगाप्रमाणे बदलत नाही आणि वाक्यात स्त्रीलिंग कुठे दाखवायचं असा प्रश्न पडतो. उत्तर: कुठेच नाही. "मि कासा एस तान ग्रान्दे कोमो ला तुया" (माझं घर तुझ्या घराइतकं मोठं आहे). घर स्त्रीलिंगी आहे हे 'ला तुया'त दिसलं, तेवढं पुरे.

क्रियापदाच्या बाबतीतही तीच गोष्ट. आपण "ती माझ्याइतकी हसते" म्हणतो. त्यावरून "से रिए तान्ता कोमो यो" होतं. हवं "से रिए तान्तो कोमो यो".

अधिक_उणे

माझ्या मते यापेक्षा मोठा खड्डा 'तेनेर'वाल्या नामांचा आहे. भूक, तहान, झोप, भीती, घाई, थंडी या सगळ्या गोष्टी स्पॅनिशमध्ये आपल्याजवळ 'असतात', म्हणजे 'तेनेर' (जवळ असणे) क्रियापद आणि पुढे नाम. नाम आलं की 'तान' बाद.

"तेंगो तान आम्ब्रे" चूक, "तेंगो तान्ता आम्ब्रे कोमो तू" बरोबर.
"आसे तान कालोर" चूक, "आसे तान्तो कालोर कोमो आयेर" (कालच्याइतकं उकडतंय) बरोबर.

'फ्रीओ' तर दोन्हीकडे बसतो, म्हणून जास्त घोळ होतो. "तेंगो तान्तो फ्रीओ कोमो तू" मध्ये तो नाम आहे: तुझ्याइतकीच थंडी वाजतेय. "ला सोपा एस्ता तान फ्रीआ कोमो एल आग्वा" मध्ये विशेषण आहे: सूप पाण्याइतकं गार झालंय. क्रियापद बघितलं की लगेच कळतं. 'तेनेर' आणि 'आसेर'नंतर नाम, 'एस्तार' आणि 'सेर' (दोन्ही म्हणजे 'असणे') यांच्यानंतर विशेषण.

आणि लिंगाचं म्हणाल तर मराठीवर विसंबता येत नाही. काही जुळतात: भूक-आम्ब्रे, तहान-सेद, घाई-प्रीसा, सगळी स्त्रीलिंगी, म्हणून 'तान्ता'. काही जुळत नाहीत: झोप स्त्रीलिंगी पण 'स्वेन्यो' पुल्लिंगी, भीती स्त्रीलिंगी पण 'म्येदो' पुल्लिंगी, म्हणून 'तान्तो स्वेन्यो', 'तान्तो म्येदो'. इच्छा एकवचनी, पण 'गानास' कायम अनेकवचनी: "नो तेंगो तान्तास गानास दे सालिर कोमो तू" (बाहेर पडायची तुझ्याइतकी इच्छा मला नाहीये).

जास्वंद

@अधिक_उणे, 'आम्ब्रे' स्त्रीलिंगी कसं? पुल्लिंगी उपपद 'एल' लावून 'एल आम्ब्रे' म्हणतात ना? 'एल आग्वा'सारखं. मग 'तान्तो आम्ब्रे' का नको?

अधिक_उणे

चांगला प्रश्न, इथे बरेच जण फसतात. 'आम्ब्रे' आणि 'आग्वा' दोन्ही स्त्रीलिंगीच आहेत. पण ज्या स्त्रीलिंगी नामाची सुरुवात जोर असलेल्या 'आ'ने होते, त्याच्या लगेच आधी एकवचनात 'ला'ऐवजी 'एल' येतं. दोन 'आ' एकमेकांना चिकटू नयेत म्हणून. 'उना'चंही तसंच 'उन' होतं, 'आल्गुना'चं 'आल्गुन', 'निंगुना'चं 'निंगुन'. सवलत एवढ्या मोजक्या शब्दांनाच. बाकी सगळे शब्द नामाचं खरं लिंग पाळतात: 'मुचा आम्ब्रे', 'एस्ता आग्वा', 'आग्वा फ्रीआ' आणि अर्थातच 'तान्ता आग्वा', 'तान्ता आम्ब्रे'. 'तान्तो आम्ब्रे' आणि 'एस्ते आग्वा' बोलण्यात स्पॅनिश मातृभाषा असणाऱ्यांकडूनही ऐकू येतं, पण ते चूकच धरलं जातं.

जास्वंद

कळलं, धन्यवाद. 'मध्ये शब्द आला तर एल नाही' हे कोणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

तिठा

त्याच यादीत आणखी चार फसवे शब्द टाका: 'प्रोब्लेमा' आणि 'दीआ' शेवटी 'आ' असून पुल्लिंगी (तान्तोस प्रोब्लेमास, तान्तोस दीआस). 'मानो' आणि 'फोतो' शेवटी 'ओ' असून स्त्रीलिंगी (तान्तास मानोस, तान्तास फोतोस). आणि 'हेन्ते' म्हणजे लोक, पण एकवचनी स्त्रीलिंगी: 'तान्ता हेन्ते'.

मांडवीकाठ

गोव्यातून दोन पैसे. १९६१ पूर्वी शाळा झालेल्या पिढीकडून ज्यांच्या घरात पोर्तुगीज आलं, त्यांना 'तान-तान्तो'ची फोड नवी नसते. पोर्तुगीजमध्येही विशेषणाआधी 'तांउ' आणि नामाआधी 'तान्तु-तान्ता-तान्तुश-तान्ताश' असंच आहे. पण दोन ठिकाणी पोर्तुगीज घात करते.

एक, पोर्तुगीजमध्ये दुसऱ्या बाजूला 'कोमु' आणि 'क्वान्तु' दोन्ही चालतात, ब्राझीलमध्ये तर 'क्वान्तु' फार ऐकू येतं. त्यावरून स्पॅनिशमध्ये "तान आल्तो क्वान्तो यो" लिहिलं जातं. आजच्या स्पॅनिशमध्ये ते चालत नाही, 'कोमो'च हवं.

दोन, जुळ्या दिसणाऱ्या नामांचं लिंग. दूध पोर्तुगीजमध्ये पुल्लिंगी, स्पॅनिशमध्ये 'लेचे' स्त्रीलिंगी: 'तान्ता लेचे'. मीठ, मध आणि रक्त यांचंही तसंच, स्पॅनिशमध्ये 'साल', 'म्येल', 'सांग्रे' तिन्ही स्त्रीलिंगी. प्रवास उलटा: पोर्तुगीजमध्ये स्त्रीलिंगी, स्पॅनिशमध्ये 'ब्याहे' पुल्लिंगी, म्हणून 'तान्तोस ब्याहेस'.

सांजवारा

फ्रेंच आधी शिकलेल्यांचीही एक खूण असते. पूर्ण काळात ते 'तान्तो' मध्ये घुसवतात: "ए तान्तो कोमिदो कोमो तू" (मी तुझ्याइतकं खाल्लंय). फ्रेंचमध्ये साहाय्यक क्रियापद आणि धातुसाधित यांच्यामध्ये असा शब्द बसतो. स्पॅनिशमध्ये 'आबेर' आणि धातुसाधित यांची गाठ सोडवायची नाही. "ए कोमिदो तान्तो कोमो तू."

कडुलिंब

आणि वर्तमानकाळात तेच वाक्य "कोमो तान्तो कोमो तू" :) पहिला 'कोमो' म्हणजे 'मी खातो', दुसरा 'इतका'चा जोडीदार. ऐकण्याच्या सरावाला झकास वाक्य आहे.

गणितवेडी

मूळ दुसऱ्या प्रश्नावर येते. माझं ठाम मत: 'इग्वाल दे... के' आधी शिकवा. कारण साधं आहे. 'इग्वाल दे' कधीच बदलत नाही. "आना एस इग्वाल दे आल्ता के यो" (आना माझ्याइतकीच उंच आहे). विद्यार्थ्याला फक्त विशेषण जुळवायचंय. तान्ताची चूक होण्याची जागाच उरत नाही. शिवाय स्पेनमध्ये बोलताना ही रचना सतत कानावर पडते.

पारंबी

@गणितवेडी, पण मग नामाचं काय? "इग्वाल दे लिब्रोस" म्हणता येणार नाही. विद्यार्थी एका रचनेत अडकून बसेल आणि तान्तो-तान्तास टाळत राहील. शिवाय 'के'ची सवय आधी लागली तर पुढे "तान आल्ता के यो" होतं. ही चूक मला 'तान्ता आल्ता'पेक्षा वाईट वाटते, कारण 'तान... के' ही वेगळीच रचना आहे.

अधिक_उणे

दोघींच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण एक गोष्ट राहतेय. या दोन रचना एकमेकींच्या जागी नेहमी बसत नाहीत, अर्थही अगदी एक नाही.

'तान आल्तो कोमो तू' म्हणजे 'निदान तुझ्याएवढा तरी'. म्हणून पुढे "एस तान आल्तो कोमो तू, सि नो मास" (तुझ्याएवढा आहे, कदाचित जास्तच) असं सहज जोडता येतं. 'इग्वाल दे आल्तो के तू' म्हणजे नेमकी बरोबरी, मापात माप. त्याच्यापुढे 'कदाचित जास्तच' जोडलं की विचित्र वाटतं.

दुसरा फरक जास्त कामाचा आहे. दोघांना एकत्र कर्ता केलं की 'तान' चालतच नाही. "लोस दोस सोन इग्वाल दे आल्तोस" (दोघं सारखेच उंच). इथे "लोस दोस सोन तान आल्तोस" म्हटलं तर ऐकणारा 'कोणाइतके?' म्हणून थांबून राहतो, किंवा 'किती उंच आहेत हो!' असा उद्गार समजतो. मराठीत आपण आपोआप शब्द बदलतो: एकाची दुसऱ्याशी तुलना असेल तर 'इतका', दोघं मिळून असतील तर 'सारखेच'. हाच धागा धरून शिकवा. 'इतका'ला तान, 'सारखेच'ला इग्वाल दे. आधी-नंतरचं भांडण त्यात मिटतं.

गणितवेडी

'सारखेच'ची जोडी आवडली. पण आधी कोणती या प्रश्नावर मी माझ्या मतावर ठाम आहे. बोलायला लागणाऱ्या माणसाला पहिल्या आठवड्यात चार लिंगवचनरूपं देणं जड जातं. 'तान... के'ची भीती खरी असली तरी 'इग्वाल दे' एका श्वासात पाठ करून घेतलं की 'के' त्याच्याशीच चिकटून राहतो.

तिठा

'सारखा'वरून आठवलं, 'एल मिस्मो' विसरू नका. तीच वस्तू किंवा तेच माप असेल तर "एल मिस्मो... के", आणि हा मात्र नामाप्रमाणे बदलतो. "त्येने ला मिस्मा एदाद के यो" (ती माझ्याच वयाची आहे). इथेही 'के', 'कोमो' नाही. 'एल मिस्मो कोमो' ही चूक हिंदी-मराठीच्या 'जैसा-जसा'वरून येते.

पैठणीकाठ

'तान... के' वेगळी रचना म्हणजे नेमकी काय? कोणी सांगेल का?

सांजवारा

@पैठणीकाठ, 'इतका... की'. परिणाम सांगायचा असतो तेव्हा. "एस्ताबा तान कान्सादा के मे दोर्मी" (इतकी दमले होते की झोपच लागली). 'के'नंतर नवं क्रियापद आणि नवी घटना. 'कोमो'नंतर ज्याच्याशी तुलना करायची तो माणूस, वस्तू किंवा अपेक्षा: "नो एस तान फासिल कोमो पारेसे" (दिसतं तेवढं सोपं नाही).

परीक्षा एकच: मराठीत 'की' येतंय का? आलं तर 'के'. 'पेक्षा', 'एवढा', 'इतका' हे दुसऱ्या शब्दाला चिकटून आलेत का? चिकटलेल्या 'पेक्षा'ला 'मास... के', चिकटलेल्या 'इतका'ला 'तान... कोमो'.

एक अपवाद लक्षात ठेवावा लागतो. "नो सोय तान तोन्तो कोमो पारा क्रेएर्लो" (ते खरं मानण्याइतका मी मूर्ख नाही). 'कोमो पारा' आणि मूळ क्रियापद. इथे कोणाशी तुलना नाही, पण मराठीतही '-ण्याइतका' चिकटूनच येतो, त्यामुळे आपल्याला ते सहज जमतं.

जास्वंद

'मुचो'चं काय? 'इतके जास्त' म्हणताना 'तान मुचो' चालतं का?

अधिक_उणे

अजिबात नाही. तान अधिक मुचो म्हणजेच 'तान्तो', तो आधीच मिसळलेला आहे. पण 'पोको'ला मात्र 'तान' लागतो! "तेंगो तान पोकोस लिब्रोस कोमो तू" (तुझ्याइतकीच कमी पुस्तकं). एकाला चालतो, दुसऱ्याला नाही, हे पाठच करावं लागतं. लिहिताना 'तान पोको' दोन शब्द, कारण जोडून 'ताम्पोको' लिहिलं की अर्थ 'सुद्धा नाही' असा होतो. 'तान ब्येन कोमो' (इतकं चांगलं) आणि 'ताम्ब्येन' (सुद्धा) यांचंही तसंच. 'ब'च्या आधी 'न'चा 'म' होत असल्याने दोन्ही ऐकायला जवळजवळ एकच. पुढे 'कोमो' आला की तोडून लिहा.

'मेहोर' (जास्त चांगला), 'पेओर' (जास्त वाईट) यांनाही 'तान' लावायचा नाही, ते स्वतःच तुलनेचे शब्द आहेत. त्यांच्याआधी अख्खा 'तान्तो' येतो: "तान्तो मेहोर" (मग तर उत्तमच). 'मायोर' मात्र 'वयस्कर' या अर्थाने साधं विशेषण होतं, तेव्हा "तान मायोर" चालतं.

मांडवीकाठ

'कोमो'नंतर स्पॅनिशमधला 'मी' (म्हणजे 'मला', 'माझ्या') की 'यो' (म्हणजे आपला 'मी'), यावर कोणीच बोललं नाही. "तान आल्ता कोमो मी" ही चूक बरीच दिसते. 'कोमो' हा 'पारा' (साठी)-'सिन' (शिवाय) यांच्यासारखा नाही, त्याच्यानंतर कर्तारूप येतं: यो, तू, एल (तो). अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'बोस', म्हणून 'कोमो बोस'.

पण 'गुस्तार' आलं की चित्र बदलतं. मराठीतलं 'आवडतं' अगदी तसंच चालतं, त्यामुळे आपल्याला हे इंग्रजीतून शिकणाऱ्यांपेक्षा सोपं जावं. "आ आना ले गुस्ता एल काफे तान्तो कोमो आ मी." आनाला, तर मला. पहिल्या बाजूला 'आ' असेल तर दुसऱ्या बाजूलाही 'आ'.

हे नुसतं नियम म्हणून नाही, अर्थ बदलतो म्हणून सांभाळायचं. "क्येरो आ आना तान्तो कोमो तू": तुझं आनावर जेवढं प्रेम आहे तेवढं माझंही आहे. "क्येरो आ आना तान्तो कोमो आ ती": माझं तुझ्यावर जेवढं प्रेम आहे तेवढंच आनावर. एका 'आ'वर घरात महाभारत होऊ शकतं :)

कडुलिंब

+१. निमंत्रणपत्रिकेत चुकवू नये असं वाक्य!

पैठणीकाठ

"मे गुस्तान तान्तो एल ते कोमो एल काफे" असं वाक्य वाचलं. यात तान्तो चहाच्या आधी आहे, क्रियापदही अनेकवचनी. हे चूक आहे का?

सांजवारा

चूक नाही, वेगळा अर्थ आहे. 'तान्तो अ कोमो ब' म्हणजे 'अ काय, ब काय, दोन्ही'. मला चहा आणि कॉफी दोन्ही आवडतात. दोघं मिळून कर्ता झाले म्हणून क्रियापद अनेकवचनी. हा तान्तो नामाच्या आधी असूनही बदलत नाही: "तान्तो लुईस कोमो आना बिन्येरोन" (लुईस आणि आना दोघंही आले). स्त्रीलिंगी नाम असलं तरी 'तान्तो'च.

बरोबरी म्हणायची असेल तर तान्तो चहाच्या मागे टाका: "मे गुस्ता एल ते तान्तो कोमो एल काफे." चहा कॉफीइतकाच आवडतो. क्रियापद एकवचनी, कारण कर्ता चहा एकटा.

लिहिताना एक काळजी: सुरुवात 'तान्तो'ने केली की दुसरा 'कोमो'च हवा. "तान्तो लुईस इ आना" असं बातम्यांतही दिसतं, पण व्याकरणाला मान्य नाही.

तिठा

अवांतर: आरागॉनचा राजा फेर्नान्दो, कोलंबसाला पाठवणाऱ्या इसाबेलचा नवरा, याचं ब्रीदवाक्यच होतं 'तान्तो मोन्ता'. त्याचा उलगडा सहसा असा सांगतात: 'तान्तो मोन्ता कोर्तार कोमो देसातार', म्हणजे गाठ कापली काय आणि सोडवली काय, मोल सारखंच. संदर्भ सिकंदराच्या गॉर्डियन गाठीचा, म्हणजे कोणालाच न सुटणारी गाठ त्याने सरळ कापून टाकली त्या गोष्टीचा. नंतर लोकांनी त्याचं "तान्तो मोन्ता, मोन्ता तान्तो, इसाबेल कोमो फेर्नान्दो" केलं आणि अर्थ राजा-राणीच्या बरोबरीचा झाला. व्याकरणाच्या दृष्टीने बघा: क्रियापदाची तुलना, गोठलेला तान्तो, दुसऱ्या बाजूला कोमो. पारंबीताईंचा तिसरा नियम राजचिन्हावर!

कडुलिंब

अवांतरात भर. उपमा देताना स्पॅनिश माणूस 'तान' बहुतेक गाळूनच टाकतो. "सोर्दो कोमो उना ताप्या" (भिंतीसारखा ठार बहिरा), "तेर्को कोमो उना मुला" (खेचरासारखा हट्टी). आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा बरोबरी करतच नाही, थेट वर चढतो: "मास ब्वेनो के एल पान", पावापेक्षाही गोड माणूस. 'तान ब्वेनो कोमो एल पान' म्हटलं तर समजेल, पण वाक्प्रचाराची चव जाते.

गणितवेडी

दुपटीचं कोणी घ्या. 'दोन वेळा तान आल्तो कोमो' असं इंग्रजी वळणाचं वाक्य फार दिसतं.

अधिक_उणे

दुपटीला 'एल दोब्ले'. क्रियापदाशी: "गाना एल दोब्ले के यो" (माझ्या दुप्पट कमावतो). विशेषणाशी: "एस्ता तोर्रे एस एल दोब्ले दे आल्ता के ला ओत्रा" (हा मनोरा त्याच्या दुप्पट उंच). नामाशी: "एल दोब्ले दे लिब्रोस के तू". सगळीकडे 'के'. बघा, 'इग्वाल दे'चंच वळण आहे, फक्त नामालाही चालतं.

आणि 'इतका किंवा त्याहून जास्त' असं दुहेरी म्हणायचं असेल तर "तान ओ मास इम्पोर्तान्ते के". जवळचा शब्द 'मास' आहे, म्हणून 'के' जिंकतो.

पैठणीकाठ

मराठीत 'जितका... तितका' असतं. 'जितकं वाचशील तितकं कळेल'. त्याला तान्तो दोनदा टाकायचं?

पारंबी

@पैठणीकाठ, नाही. वाढत जाणाऱ्या जोडीला 'क्वान्तो मास... मास': "क्वान्तो मास लेआस, मास एन्तेन्देरास." पहिल्या भागात 'लेआस' हे संभाव्यार्थी रूप, कारण वाचन अजून व्हायचंय. नाम आलं तर क्वान्तो त्याच्याप्रमाणे बदलतो: "क्वान्तोस मास लिब्रोस लेआस". तुलना स्थिर असेल, 'त्याच्याकडे जितकी आहेत तितकीच माझ्याकडे', तर परत 'तान्तोस... कोमो'.

@गणितवेडी, 'सारखेच'पासून सुरुवात करायला मी आता राजी आहे, पण फक्त 'दोघं मिळून'च्या वाक्यांपुरती: "लोस दोस सोन इग्वाल दे..." तिथे 'के' येतच नाही, त्यामुळे गोंधळाचं बीही पडत नाही. मग तान, मग तान्तो-तान्ता, आणि 'इग्वाल दे... के' सर्वांत शेवटी.

गणितवेडी

हा क्रम चालेल. 'तेनेर'ची नामं तान्तोच्या पहिल्याच दिवशी घ्या, पुस्तकांची मोजदाद नंतर. भूक-झोप रोज लागते, वाक्यं लगेच वापरात येतात.

नवशिका_कोल्हापूर

पूर्ण धागा वाचला, वाचनखूण साठवली. चार वाक्यं करून बघितलीत, तपासाल का?

१. मी बहिणीइतक्या लवकर उठते: मे लेबान्तो तान तेम्प्रानो कोमो मि एर्माना.
२. पुण्यात मुंबईइतका पाऊस पडत नाही: एन पुने नो युएबे तान्तो कोमो मुम्बाई.
३. काल परवाइतकी गर्दी नव्हती: आयेर नो आबिआ तान्तास हेन्ते कोमो आन्तेआयेर.
४. दोघी सारख्याच हुशार आहेत: लास दोस सोन तान लिस्तास.

मांडवीकाठ

पहिलं अचूक.

दुसऱ्यात तान्तो बरोबर, पण दुसरी बाजू अर्धी राहिली. पुण्यात आणि मुंबईत यांची तुलना आहे, म्हणून 'एन' परत हवा: "कोमो एन मुम्बाई". तुम्ही लिहिलंय त्याचा अर्थ 'मुंबई जितकी बरसते' असा होतो. नाम वापरायचं असेल तर "नो काए तान्ता युब्या कोमो एन मुम्बाई", पाऊस आपला पुल्लिंगी पण 'युब्या' स्त्रीलिंगी.

तिसऱ्यात 'तान्ता हेन्ते', एकवचनी. तिठा यांनी वर दिलंय.

चौथं "लास दोस सोन इग्वाल दे लिस्तास".

नवशिका_कोल्हापूर

धन्यवाद! एक शेवटचं. 'हवे तेवढे आंबे खा' याला काय म्हणू?

सांजवारा

"कोमे तान्तोस मांगोस कोमो क्येरास" व्याकरणात बसतं. 'क्येरास' पुन्हा संभाव्यार्थी, कारण किती हवेत ते अजून ठरलेलं नाही. पण जेवणाच्या टेबलावर ऐकू येईल ते "कोमे तोदोस लोस मांगोस के क्येरास".